फोनवाले प्रश्न: कोडेकचं लायसन्स, चिरकणारा आवाज आणि कोटेशनमधली ती एक लाइन

मागच्या अंकात जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी) काढून ऑफिसला इंटरनेटवरचा फोन घ्यावा का यावर थोडं लिहिलेलं, त्यानंतर प्रश्नांचा ढीग आला आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचा मुद्दा एकच, की कोटेशनमध्ये लायसन्सच्या नावाखाली भलतेच आकडे लावलेत, ते द्यायचे का. म्हणून या वेळी त्यावरच बोलू. पत्रं कापून छोटी केली आहेत, नावं छापत नाही.

प्रश्न: सर, वागळे इस्टेटला आमचं मशीन पार्टचं युनिट आणि वरच्या मजल्यावर ऑफिस आहे, एकूण २२ एक्स्टेन्शन. अ‍ॅस्टरिस्क नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारा आयपी पीबीएक्स, म्हणजे इंटरनेट फोनचा ईपीएबीएक्स, बसवून घेतोय. कोटेशनमध्ये "जी.७२९ लायसन्स, १० चॅनल" अशी लाइन आहे, चॅनलमागे (म्हणजे एका वेळी चालणाऱ्या एका कॉलमागे) १,२०० रुपये, वर जीएसटी. हे सरकारला भरायचं असतं का? नाही घेतलं तर फोन बंद पडणार का?

उत्तर: सरकारचा याच्याशी काही संबंध नाही आणि नाही घेतलं तर बहुतेक तुमचं काहीच अडणार नाही. पण वेंडरला लगेच चोर ठरवू नका, आधी हे कुठून आलं ते बघा.

आपला साधा फोन आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो, प्रत्येक नमुना ८ बिटचा, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट, ६४ केबीपीएस. आवाजाचे असे आकडे करायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, यातल्या या कोडेकचं नाव जी.७११, १९७२ चं स्टँडर्ड आहे, त्यात दाबादाबी जवळपास नाहीच. भारतात आणि युरोपात त्याचा ए-लॉ प्रकार चालतो, अमेरिका-जपानमध्ये म्यू-लॉ. पुढे १९९६ ला जी.७२९ आलं, त्याने तोच आवाज ८ केबीपीएसमध्ये बसवला. ज्या काळात ऑफिसला ६४ केबीपीएसची लीज लाइन म्हणजे चैन होती त्या काळात ही जादूच होती, कारण त्या लाइनवर जी.७११ चा एक कॉलसुद्धा धड मावत नव्हता आणि जी.७२९ चे दोन आरामात जायचे. पण ही जादू पेटंटवाली. बऱ्याच कंपन्यांची पेटंटं एकत्र करून कॅनडातली सिप्रो लॅब टेलिकॉम त्याचे पैसे गोळा करायची, म्हणून अ‍ॅस्टरिस्कसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही हे एक कोडेक मात्र विकत घ्यावं लागायचं. अ‍ॅस्टरिस्क बनवणारी डिजियम ते चॅनलमागे १० डॉलरला विकायची. तुमच्या कोटेशनमधली लाइन तिथून आलेली आहे, जुन्या फॉरमॅटमधून कॉपी होत होत.

आता १ जानेवारी २०१७ पासून परिस्थिती अशी की त्यातल्या बहुतेक पेटंटांची मुदत संपली आणि जी उरली होती त्यावरही त्या मंडळींनी रॉयल्टी घेणं सोडून दिलं. म्हणजे पेटंटच्या नावाने तुमच्याकडून एक रुपया घेण्याचं कारण उरलेलं नाही. पण पेटंट वेगळं आणि कॉपीराइट वेगळा, इथे लोक घोळ घालतात. एखाद्या कंपनीने स्वतः लिहिलेलं जी.७२९ चं मॉड्यूल त्या कंपनीचंच असतं, त्याचे ती पैसे मागू शकते, आणि ते क्रॅक करून वापरलं तर ती चोरीच झाली. त्यामुळे वेंडरला सरळ विचारा की बाबा हे नक्की कोणाचं मॉड्यूल, त्याची लायसन्स-की (चालू करायचा कोड) भेटेल का, बिलावर नाव येईल का? नीट उत्तर दिलं तर ठीक. "सर ते लागतंच" एवढंच म्हणाला तर ती लाइन काढायला सांगा.

आणि मुळात तुम्हाला ते लागतंय का हा खरा प्रश्न. लायसन्स लागतं ते फक्त पीबीएक्सला एका कोडेकमधून दुसऱ्यात रूपांतर करावं लागलं तर. दोन्ही टोकं जी.७२९ बोलत असतील तर पीबीएक्स नुसती पाकिटं (नेटवरून जाणारे आवाजाचे छोटे तुकडे) इकडून तिकडे सरकवतो, त्याला लायसन्स नाही लागत. पण त्याच कॉलचं रेकॉर्डिंग लावलं, तो कॉन्फरन्समध्ये घेतला, किंवा व्हॉइसमेलला गेला की आवाज उघडावा लागतो आणि तिथे चॅनल खर्ची पडतो. लोकांना हे माहीत नसतं, मग ५ चॅनल घेतात आणि रेकॉर्डिंग चालू केल्यावर सहावा कॉल का कट होतो म्हणून डोकं खाजवतात.

तुम्ही असं करा. ट्रंक, म्हणजे बाहेरच्या कॉलची लाइन, ज्यांच्याकडून घेताय त्यांना विचारा की ए-लॉ देता का. उत्तर हो येईल. मग सगळ्या फोनवर आणि ट्रंकवर ए-लॉ सोडून बाकी सगळे कोडेक बंद करायला लावा, अ‍ॅस्टरिस्कमध्ये ते दोन ओळींचं काम आहे, आधी "डिसअलाऊ" ऑल आणि मग "अलाऊ" ए-लॉ. रूपांतराचा विषयच संपला.

बँडविड्थची भीती घालतील, तर हा हिशोब जवळ ठेवा. ए-लॉचा आवाज ६४ केबीपीएस, पण दर २० मिलिसेकंदाच्या पाकिटावर ४० बाइटचा पत्ता-बित्ता लागतो तो धरून ८० होतात, इथरनेट धरलं तर साधारण ८७. जी.७२९ चं ८ दिसायला ८ पण तोच पत्ता चिकटवल्यावर २४ आणि इथरनेटसकट ३१. म्हणजे आठपट बचत म्हणून जे विकतात ती हातात येईपर्यंत तिपटीच्या आसपास राहते. तुमचे १० कॉल एकाच वेळी ए-लॉवर चालले तरी एका दिशेला ८७२ केबीपीएस, एक एमबीपीएससुद्धा नाही. आता वागळेला ५० नाहीतर १०० एमबीपीएसची फायबर घेऊन बसलेल्या माणसाने यासाठी १२,००० प्लस जीएसटी का भरायचे, तुम्हीच सांगा.

प्रश्न: वाशी एपीएमसीत आमचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. लासलगावच्या ऑफिसला इंटरनेटवरून एक्स्टेन्शन दिलंय. सकाळी भाव घेताना आवाज रोबोटसारखा होतो, "सात" की "साठ" तेच कळत नाही, यावरून परवा मोठी भांडणं झाली. वेंडर म्हणतो आवाज अजून कॉम्प्रेस करू, नीट होईल.

उत्तर: शेठ, अजून कॉम्प्रेस केलात तर अजून बिघडेल, वेंडरला थांबवा.

फोनच्या साध्या लाइनवर मुळातच ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. स, श, फ, ठ अशा अक्षरांतला फुसफुसणारा भाग बराचसा त्याच्या वर असतो, तो आधीच कापला जातो. त्यावर जी.७२९ आलं की ते आवाज जसाच्या तसा पाठवतच नाही, माणसाचा घसा-तोंड कसं चालतं याचं मॉडेल लावून त्याचे आकडे पाठवतं आणि पलीकडे आवाज परत घडवला जातो. एकदा केलं तर कानाला फारसं कळत नाही. पण तुमच्याकडे काय होत असणार बघा, शेतकऱ्याचा किंवा दलालाचा मोबाइल, त्याचं स्वतःचं कॉम्प्रेशन, मग ते सुटून ट्रंकवर ए-लॉ, मग लासलगावच्या पेटीत परत जी.७२९, मग वाशीला उघडून रेकॉर्डिंगला, आणि तुम्ही तो कॉल मुलाच्या मोबाइलला ट्रान्स्फर केला की पुन्हा एकदा दाबादाबी. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर अक्षरं जशी भरून येतात तसं होतं हे.

दुसरा संशयित म्हणजे गळणारी पाकिटं. यात जी.७२९ जास्त नाजूक, कारण त्याचा प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्यांच्या आधारावर उभा असतो, एक हरवला की पुढचेही काही क्षण वाकडे येतात. ए-लॉमध्ये एक पाकीट गेलं तर २० मिलिसेकंद गेले, विषय संपला. म्हणजे लाइन खराब आहे म्हणून जी.७२९ लावणं हे उलटंच झालं.

तिसरा संशयित आणि माझी पैज यावरच, तुमचे कॅमेरे. गाळ्यातले आठ-दहा कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत असतात, अपलोड भरून जातं, आणि फोनची पाकिटं राउटरच्या रांगेत उभी राहतात. लासलगावहून येणारा आवाज स्वच्छ आणि तुमचा तिकडे तुटक, असं असेल तर पक्कं तुमच्याकडचंच अपलोड. उद्या सकाळी गर्दीच्या वेळी १० मिनिटं कॅमेऱ्यांचं नेट काढून बघा. फरक पडला तर राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्यायला सांगा, क्यूओएस म्हणतात, फोनच्या पाकिटांवर ४६ नंबरचा डीएससीपी शिक्का असतो त्याला पुढे सोडायचं. आणि राउटरमध्ये "सिप एएलजी" नावाचं एक बटण असतं ते बंद करा, नावावरून मदत करतोय असं वाटतं पण बहुतेक राउटरमध्ये तो फोनचे मेसेज मोडून ठेवतो आणि मग एकाच बाजूचा आवाज येतो.

हे झालं की वाशी-लासलगाव दरम्यान जी.७२२ लावा. हे १९८८ चं आहे, खातं ६४ केबीपीएसच पण आवाज ७,००० हर्ट्झपर्यंत नेतं, स आणि ठ नीट कानावर पडतात. आयपी फोन दोन्हीकडे असतील तरच याचा फायदा, बाहेरच्या मोबाइलवर गेलात की परत अरुंद. तोपर्यंत भाव सांगताना सहा-शून्य, सात-शून्य असे सुटे आकडे बोलायची सवय लावा माणसांना, फुकटातला उपाय आहे.

प्रश्न: महापे एमआयडीसी. पहिल्याच पावसात व्होल्टेजने सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. नवीन मशीनवर बॅकअप चढवला, सगळं आलं, फक्त कोडेकची ८ लायसन्स "इनव्हॅलिड" दाखवतंय. पैसे परत भरायचे का?

उत्तर: नाही. ही लायसन्स मशीनच्या ओळखीला बांधलेली असतात आणि ती ओळख नेटवर्क कार्डच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून (कार्डाचा स्वतःचा नंबर) बनते. मदरबोर्डवरचं कार्ड गेलं, अ‍ॅड्रेस बदलला, लायसन्सने ओळख दाखवायला नकार दिला. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना मूळ की आणि बिल पाठवून नव्या मशीनवर रजिस्टर करून मागा. की कुठे लिहून ठेवलेली नसेल तर मात्र अवघड, म्हणून बिल, की आणि रजिस्ट्रेशनची फाइल सर्व्हरच्या बाहेर ठेवायची असते, पेनड्राइव्हवर टाकून अकाउंटच्या कपाटात ठेवली तरी चालेल. पण एक विचारू का, ती ८ लायसन्स नसताना आत्ता कॉल लागतायत ना? लागत असतील तर वर वागळेवाल्यांना सांगितलंय तेच तुम्हाला.

प्रश्न: सीबीडी बेलापूरला सीए फर्म. नव्या सिस्टीमवर फॅक्स अर्धा येऊन तुटतो, आणि बँकेच्या आयव्हीआरवर "१ दाबा" म्हटल्यावर दाबलं तरी त्यांना कळतच नाही.

उत्तर: दोन्हीचं मूळ एकच. जी.७२९ माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय, फॅक्सची शिट्टी आणि बटणाचा टोन म्हणजे बोलणं नाही, त्यांचा तो चुरा करतो. फॅक्सच्या पोर्टला टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) चालू करा, ट्रंकवाला देत नसेल तर तेवढं एक पोर्ट शुद्ध ए-लॉवर ठेवा आणि सायलेन्स सप्रेशन (कोणी बोलत नसताना आवाज न पाठवणं) बंद. बटणांसाठी डीटीएमएफ (बटणाचे टोन) "इनबँड" वरून, म्हणजे आवाजातूनच पाठवण्यावरून, आरएफसी ४७३३ वर न्या, त्यात टोन वेगळ्या पाकिटातून जातो, काही फोनच्या मेनूत त्याचं जुनं नाव २८३३ दिसेल, तेच ते.

प्रश्न: घोडबंदर रोडला आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. एक कंपनी ३० युजरचं लायसन्स विकते, दुसरी "८ सायमल्टेनियस कॉल" असं विकते आणि युजर कितीही. मला दुसरी स्वस्त पडतेय पण ८ पुरतील का याची भीती वाटते. मॅडम म्हणाल्या विचारून घे.

उत्तर: मॅडमना सांगा, चांगलं केलंत विचारलंत.

याचा हिशोब शंभरेक वर्षांपूर्वीच करून ठेवलाय. डेन्मार्कचे ए. के. एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते, त्यांनी १९१७ मध्ये सूत्र मांडलं की किती लाइन ठेवल्या तर किती कॉल परत जातील. तुमच्याकडे सगळ्यात गर्दीचा तास कुठला, बहुधा सकाळचा, उपाशीपोटी टेस्टवाल्यांचा. त्या तासात समजा ६० कॉल येतात आणि सरासरी ३ मिनिटं चालतात. ६० गुणिले ३ म्हणजे १८० मिनिटं, भागिले ६०, उत्तर ३. याला ३ एर्लांग म्हणतात. सूत्रात घातलं तर ८ चॅनलवर शंभरात एकापेक्षा कमी कॉल एंगेज मिळतो, ६ वर शंभरात पाच. म्हणजे ८ पुरतात. पण तुमचे खरे आकडे घ्या, एका आठवड्याचा कॉल रिपोर्ट काढा, ६० हा मी धरलेला आकडा आहे. आणि पेशंट एंगेज मिळाला की लगेच परत लावतात, ते या सूत्रात धरलेलं नाही, म्हणून एखादा चॅनल जास्तच धरायचा.

दोन गोष्टी मात्र लेखी विचारा. एक, रिसेप्शनवरून आतल्या डॉक्टरला लावलेला घरातला कॉलसुद्धा त्या ८ मध्ये मोजतात का, काही ठिकाणी मोजतात. दोन, आलेला कॉल बाहेरच्या मोबाइलला फिरवला की ट्रंकचे दोन चॅनल अडकतात, एक येणारा आणि एक जाणारा. डॉक्टर बाहेरून फोन घेत असतील तर ८ लायसन्स असूनही ८ चॅनलची ट्रंक कमी पडेल. लायसन्स आणि ट्रंकचे चॅनल हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन वेगळ्या लोकांना पैसे जातात, आणि दोघेही "८ चॅनल" असंच म्हणतात.

प्रश्न: आम्ही तिघांनी कोपरखैरणेला छोटं स्टार्टअप सुरू केलंय, सगळे घरून काम करतात. ओपस कोडेक फुकट आहे असं वाचलं. पुढे कोणी पैसे मागायला येणार नाही ना? ऑफिसचा पूर्ण सेटअप ओपसवर करू का?

उत्तर: ओपस मला स्वतःला आवडतं, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. २०१२ ला इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफने ते स्टँडर्ड केलं, आरएफसी ६७१६. स्काइपचं सिल्क आणि झिफ या संस्थेचं केल्ट या दोन कोडेकची जोडी करून बनवलंय, ज्यांची पेटंटं त्यात आहेत त्यांनी ती रॉयल्टीशिवाय वापरायला दिलीत आणि कोड बीएसडी लायसन्सवर, म्हणजे धंद्यात वापरलं तरी चालतं. ६ केबीपीएसपासून ५१० पर्यंत लाइन बघून वरखाली होतं, आणि थोडी पाकिटं गळली तरी मागच्याची नक्कल पुढच्या पाकिटात ठेवून सांभाळून घेतं. मोबाइल डेटावर, लोकलमध्ये कळवा-मुंब्र्याच्या मध्ये बसून कॉल घेणाऱ्यांना हेच द्या.

पण पूर्ण सेटअप नको. ब्राउझरमधल्या कॉलला ओपस आणि जी.७११ दोन्ही सक्तीचे आहेत, पण ट्रंकवाले साधारण जी.७११ च बोलतात. म्हणजे ग्राहकाच्या मोबाइलला लावलेल्या प्रत्येक कॉलला सर्व्हरला ओपस ते ए-लॉ रूपांतर करावं लागणार, पैसे लागणार नाहीत पण सीपीयू लागेल. तिघांचे कॉल छोटा क्लाउड सर्व्हर सहज पेलतो. तीस झालात की मोजा, अ‍ॅस्टरिस्कमध्ये "कोअर शो ट्रान्सलेशन" टाकलं की कुठल्या कोडेकमधून कुठल्यात जायला किती महाग पडतं त्याचा तक्ताच येतो.

प्रश्न: ऐरोली सेक्टरमध्ये माझं रिकामं ऑफिस आहे. एक जण आला, म्हणतो महिन्याला चांगलं भाडं देतो, फक्त एक फोनची पेटी ठेवायची, ३२ सिमची, आणि तुमचं ब्रॉडबँड वापरू. इंटरनेट फोनचंच काम आहे म्हणाला, लायसन्स त्यांच्याकडे आहे म्हणाला. ठेवू का?

उत्तर: नका ठेवू. याला सिमबॉक्स म्हणतात. परदेशातून आलेला कॉल इंटरनेटवरून तुमच्या खोलीत येतो आणि तिथून लोकल सिमवरून बाहेर पडतो, घेणाऱ्याला भारतातला नंबर दिसतो, आणि लायसन्सवाल्या ऑपरेटरचं गेटवे चुकवलं जातं. फसवणुकीचे कॉलही असेच फिरतात. परवानगीशिवाय असं नेटवर्क चालवायला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पोलीस आले की जागा तुमची, वीजबिल तुमचं, ब्रॉडबँड तुमच्या नावावर, तो माणूस कुठेच नाही.

यात गोंधळ नको म्हणून सांगतो, स्वतःच्या ऑफिसला इंटरनेट फोन लावणं, लायसन्सवाल्या ऑपरेटरची सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी ट्रंक) घेणं, दोन शाखा आपसात जोडणं हे सगळं रीतसर आहे. कॉल सेंटरवाल्यांना पूर्वी ओएसपी (अदर सर्व्हिस प्रोव्हायडर) म्हणून नोंदणी करावी लागायची तीही नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली. आडवाटेने पब्लिक नेटवर्कवर कॉल सोडणं मात्र आजही बंदच. त्या माणसाचा नंबर असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून तक्रारीची जागा आहे तिथे टाका, आणि अशी पेटी शेजारच्या कोणाच्या गाळ्यात आधीच बसलेली दिसली तर थेट पोलीस स्टेशनला जा.